बंद पेटीवर सर्वांचा हक्क

"वारसा हा समाजाचा असतो, संग्रहालय त्याचं केवळ विश्वस्त असतं." हे वाक्य संग्रहपालांनी अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आणि गुरुवारी सकाळी सव्वाअकरापर्यंत त्यांचा त्यावर विश्वासही होता.

अर्ज करणं भागच होतं. अनुदान देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं होतं: लोकांना नुसतं बोलावून चहा पाजू नका, त्यांच्यासोबत बसून कार्यक्रम ठरवा, आणि त्यांच्या सहभागातून संग्रहात निदान एका वस्तूची तरी भर पडू द्या. नाही पडली तर संग्रहालयाची तिन्ही दालनं शेजारच्या नोंदणी कचेरीला जाणार, आणि संग्रहपाल तिथे बसून जन्ममृत्यूचे दाखले देणार. पत्र वाचून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने मात्र, "पंखा आहे ना त्या कचेरीत?" एवढंच विचारलं.

तिन्ही दालनांत मिळून बघण्यासारखी वस्तू एकच होती. कमरेएवढी लोखंडी पेटी, कुलूप झाकणाच्या आतच बसवलेलं, बाहेर फक्त बोटाच्या पेरापेक्षा लहान असं किल्लीचं भोक. जुन्या नोंदवहीत लिहिलं होतं, "लोखंडी पेटी, एक." आणि आठवड्याभरानंतरच्या तारखेला, वेगळ्या शाईत, "कुलूपबंद. उघडत नाही." त्या आठवड्यात काय घडलं असेल यावर संग्रहपालांनी एक पुस्तिका लिहिली होती. तिची दुसरी आवृत्तीही निघाली होती.

नोंद सासऱ्यांच्या अक्षरातली. आधीचे संग्रहपाल तेच. खुर्ची आणि मुलगी त्यांनी जावयाला एकाच वर्षी दिली होती, आणि दोन्हींची नीट देखभाल होत नाही असं त्यांचं मत होतं. "आमच्या वेळी या इमारतीतली टाचणी हरवली नाही," हे ते दर जेवणाला सांगत. त्या आठवड्याबद्दल विचारलं तर म्हणत, "तीस वर्षं झाली. तुला कालची भाजी आठवते का?"

पेटी तिकिटावर होती, पत्रांच्या मथळ्यावर होती, कपबश्यांवर होती. शेजारी एक खोकं ठेवलेलं: "आत काय असेल? तुमचा अंदाज लिहा." लोकांनी सोनं लिहिलं, मृत्युपत्र लिहिलं, सवतीचे दागिने लिहिले. एका शाळकरी मुलीने लिहिलं होतं, "आणखी एक पेटी." लोक पेटीसाठी येत, आणि पेटी उघडत नाही म्हणून पुन्हा येत.

तेव्हा गावातल्या कुलूपवाल्यांना बोलवावं, त्यांनी आठवणी सांगाव्यात, पेटीभोवती एक छानसा कार्यक्रम त्यांच्यासोबत ठरवावा, आणि जाताना एखादं जुनं कुलूप त्यांनी भेट द्यावं, म्हणजे भरही पडेल, असा संग्रहपालांचा बेत होता. कुलूपवाले तसे नऊ होते. सात जण दुकान सोडून येईनात. आल्या त्या एक काकू आणि त्यांची सून. नवरा गेल्यापासून काकूंनीच दुकान चालवलं होतं. गुडघे गेले होते, बोटं शाबूत होती.

पेटीभोवती गोल खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीत मंडळाच्या निरीक्षक बाई तक्ता भरत बसल्या होत्या, एकीत प्रमुख पाहुणे म्हणून सासरे. संग्रहपालांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या.

"पेटीकडे पाहून मनात काय येतं ते मोकळेपणाने लिहा."

काकूंनी लिहिलं: "तेल हवंय."

"वा!" संग्रहपाल म्हणाले. "आता भेट म्हणून एखादं कुलूप...?"

"भेट?" सून म्हणाली. "आमच्याकडे कुलूप मागायला आला तो गिऱ्हाईक, साहेब."

बेताचा पाया तिथेच खचला.  संग्रहपाल घाईघाईने फळ्याकडे वळले आणि समाजाची मालकीभावना म्हणजे काय, हे समजावू लागले. मालकीभावनेचे तीन टप्पे होते. दुसऱ्या टप्प्यावर मागे खट् असा आवाज झाला.

संग्रहपाल वळले. काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या, हातात वाकवलेली तार. झाकण वीतभर वर आलं होतं.

संग्रहपालांचा खडू खाली पडला. त्यांना ओरडायचं होतं, पण तोंडातून "तिसरा टप्पा" एवढंच आलं.

"काकू, काय केलंत हे!"

"मी कुठे काय केलं? कुलपाला विचारलं, त्यानं सांगितलं."

"अहो, तीस वर्षं बंद होती!"

"मग तीस वर्षं कुणी विचारलं नसेल."

सून म्हणाली, "साहेब, त्यांच्यासमोर बंद कुलूप ठेवायचं आणि हात मांडीवर ठेवा म्हणायचं, हे कसं जमावं? घरी आम्ही कपाट उघडंच ठेवतो." मग तिने आत वाकून पाहिलं. "आपोआप लागणारं आहे हे. झाकण आपटलं की बंद."

निरीक्षक बाईंचं पेन थांबलं होतं. संग्रहपालांच्या डोळ्यांपुढून तिकीट गेलं, कपबश्या गेल्या, दुसरी आवृत्ती गेली, आणि मागोमाग दाखल्यांचा गठ्ठा येऊन बसला. आता निदान आत तरी काही निघू दे, असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी झाकण पूर्ण उघडलं.

सोनं नव्हतं. मृत्युपत्र नव्हतं. सवतीचंही काही नव्हतं. तळाशी एक किल्ली होती, तिला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. संग्रहपालांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग ते खुर्चीवर बसले. खुर्ची निरीक्षक बाईंची होती. त्या वेळेवर उठल्या म्हणून बरं.

चिठ्ठी बाईंनी मोठ्याने वाचली. "पेटीची किल्ली. हरवू नये म्हणून आत ठेवली आहे." खाली सही.

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी हातभर लांब धरली.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. मग जावयाकडे वळून, "बघ. हरवली का?"

 काकूंनी पेटीच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडले. निरीक्षक बाईंनी तक्त्यावरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं: समाजाच्या सहभागातून संग्रहात पडलेली भर. संग्रहपालांनी नोंदवही मागवली, किल्ली कुलपात फिरवून पाहिली, आणि नवी ओळ लिहिली.

"किल्ली, एक. लागते."