मशिनाचं उरलेलं आयुष्य

घसारा काढणं तसं सरळ काम. मशीन दहा वर्षं चालेल असं धरायचं आणि दरवर्षी किंमत एक दशांश उतरवायची. यंदा मात्र ऑडिटरने मला, कारखान्याच्या हिशेबनीसाला, फर्मावलं, "मशिनं प्रत्यक्ष तपासा. विकून किती पैसे येतील, वापरून किती कमावतील, ते मांडा." डब्यांची झाकणं ठोकणारी आमची दोनच प्रेस मशिनं. ज्यात दम नसेल ते भंगारात आणि चालवणारा घरी, हे मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एक चालवायचे शेजारचे काका, दुसरं माझे बाबा.

मी पाना घेऊन कारखान्यात गेले. बिडाचं मशीन मडक्यासारखं वाजवून बघावं, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलेलं. काकांचं ठणठणीत वाजलं, पण म्हातारं होतं. फार तर दोन वर्षं. बाबांचं त्या मानाने नवं. त्याच्या पायाशी पाना मारला आणि ते बद्द वाजलं. ताजा रंग तेवढ्याच जागी होता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. तडा गेला, पुट्टी भरून रंगवलं." बाबा पान्याकडेच बघत होते. "सव्वा वर्षात रिटायर होतोय गं. हळू चालवतो मी. कागदावर अजून सहा वर्षं आहेतच की."

"कागदाला तडा जात नाही, बाबा."

"मग बसू घरी? तुझ्या पगारात आईची औषधं बसतात का, तूच सांग. हिशेबात पक्की ना तू?"

बसत नव्हती. मला त्यांचा राग आला, त्याहून स्वतःचा. मी लिहिलं: उरलेलं आयुष्य चार वर्षं.

मालक खूश. "हे चार वर्षं कमावणार, मग ते दोन वर्षांचं कशाला पोसायचं?" महिनाअखेरीला काकांचं मशीन गेलं, पाठोपाठ काका. त्यांचा सगळा माल बाबांच्या मशिनावर आला. हळू चालवायची सोयच उरली नाही. आगीतून फुफाट्यात पडलो आम्ही.

"मालकांना खरं सांगून टाकते," मी म्हटलं.

बाबा खेकसले, "गप्प बस! आता बोललीस तर दोघंही रस्त्यावर."

माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडेच ते मशीन. ठोका पडतो, मी आकडा लिहिते. एक कान सतत तिकडे. थांबतं ते फक्त चारला, चहापुरतं.

आज ते तीन वाजून दहा मिनिटांनी थांबलं. माझ्या चार वर्षांतले अजून तीन महिनेही सरले नव्हते. मी उठले, तोवर पलीकडून हाक आली, "अगं, धाव! मशीन तुटलं! तुझे बाबा!"