मामांनी पाहिलं

"पण टेम्प्लेट निवडायचं हे काम कुठल्या टेम्प्लेटमध्ये टाकायचं?" मामांनी विचारलं.

मीटिंग पुन्हा अडली. हा तिसरा मंगळवार. सॉफ्टवेअरचं काम कुठल्या टप्प्यांतून जाणार हे ठरवणारी तीन तयार टेम्प्लेटं वरून आली होती. त्यातलं एक निवडायचं होतं. पहिल्यात टप्पे चार, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात किती ते कळेपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं.

"सध्या जुन्याच बोर्डावर टाका," टीम सांभाळणाऱ्या मॅडम कपाळ चोळत म्हणाल्या. त्या मामांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि तीन मंगळवारांत मामांच्या वयाच्या झाल्या होत्या.

स्क्रीनवरच्या त्या जुन्या बोर्डावर 'चालू आहे' आणि 'झालं' यांच्यामध्ये एक रकाना होता: 'मामांनी पाहिलं'. सतरा वर्षांपूर्वी कुणीतरी गंमत म्हणून हे नाव दिलं. तो नोकरी सोडून गेला, गंमत राहिली. मामा टेस्टर, त्यांनी पाहिल्याशिवाय कामाचं कार्ड पुढे सरकतच नसे. मामांचं पित्ताशय काढलं त्या आठवड्यात ऑफिसात काहीच पूर्ण झालं नव्हतं. ग्राहकाला तसं रीतसर कळवलं होतं: मामा शुद्धीवर आले की पाठवतो.

नव्या तिन्ही टेम्प्लेटांत हा रकाना नव्हता. ज्याने त्याने आपलं काम आपणच तपासायचं. मामांनी तळमजल्यावर ग्राहकांचे फोन घ्यायला बसायचं. मॅडमनी त्यांना जिन्यात गाठून हे सांगितलं होतं.

"मामा, माझ्या हातात काही नाही हो."

"ठाऊक आहे. तुम्ही आधी पाणी प्या."

शेवटी पहिलं टेम्प्लेट निवडलं गेलं, कारण ते वाचून संपलं. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सगळे ज्याला ढापण्या म्हणत, त्या प्रोग्रामरने सगळी कार्डं नव्या बोर्डावर नेली आणि 'नवं टेम्प्लेट लावणे' हे स्वतःचं कार्ड पुढे ढकललं. ते नियमाप्रमाणे मामांच्या रकान्यात येऊन बसलं. ते 'झालं' झाल्याशिवाय जुना बोर्ड बंद होणार नव्हता.

ढापण्या खुर्ची ओढत जवळ आला. "मामा, सरकवूच नका. तुम्ही नाही पाहिलं, तर हे कधीच होणार नाही. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"चूक सापडली तर अडवीन."

"नाही सापडली तर?"

"आधी बघू तर दे."

मामा दुपारभर बघत होते. जुनी कार्डं चारशे बारा, नवी चारशे तीन. एकेक ताडून पाहता पाहता चहाचं पाणी झालं.

"नऊ आलेली नाहीत," ते म्हणाले.

ढापण्याचा चेहरा उजळला. "मग महिनाभर तरी लांबवतो."

"वीस मिनिटांचं काम आहे. कर."

ढापण्याने मुद्दाम चाळीस मिनिटं लावली. मामांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चारशे बारा. मग एकदा मान मोडून त्यांनी ते कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं. रकान्यावर शून्य आलं आणि बोर्ड करडा पडला.

"मॅडमना सांग, पाहिलं म्हणून."

त्यांनी खुर्चीवरची उशी काढून काखेत धरली. खुर्चीची चाकं नीट फिरतायत का ते वाकून पाहिलं, एकात अडकलेला दोरा काढला, आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.