त्रेचाळीस वेळा चोरीला गेलेला डबा

एक तारखेपासून रोज ऑफिसात हजर राहावं, असं पत्र ताईला आलं. ते आलेलंच नाही असं धरून पुढे वाचावं. मीही तसंच धरून लिहितोय.

तर सगळं छान चाललं होतं.

ताई आणि मी एकाच विमा कंपनीत आहोत. अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून ती नुकसान ठरवते, मी नेटवर्क सांभाळतो. तिच्या मते या दोन कामांत फारसा फरक नाही, मी नुकसान करतो आणि ती ते मोजते. ती घरून काम करते, कारण घरी बाबा आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, फक्त एक शब्द मागे राहिला, तो म्हणजे ‘हळू’. बत्तीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली, तेव्हा हा शब्द आत कुठेतरी घट्ट बसला असणार. भूक लागली की हळू, टीव्ही बदलायचा असला की हळू, मी आलो की हळू. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागतं आणि दिवसातून एकदा-दोनदा चादर बदलावी लागते. हे काम ऑफिसातून होत नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

मग कंपनीने ठरवलं की घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक डबा, म्हणजे छोटा संगणक, बसवायचा. पूर्वी ताईचे फोटो मुख्यालयात जायचे, तिथे रांगेत उभे राहायचे आणि दमून परत यायचे. आता डबा ते घरातच तपासणार, घरातच कुलपात ठेवणार आणि मुख्यालयाला फक्त निकाल कळवणार. याला कामकाज कडेला नेणं म्हणतात. ताईचं घर ही कड. आणि कडेला डबा बसवायला पाठवलं कोणाला, तर मला.

डबा कुठे ठेवायचा याची यादी मीच तयार केली होती. तीन पिनांचं सॉकेट जवळ हवं. खिडकीतून दिसता कामा नये. माणसं झोपतात त्या खोलीत नको. जमिनीपासून मीटरभर वर हवा. ताईच्या दोन खोल्यांत या सगळ्या अटी पाळणारी जागा एकच होती, वॉशिंग मशीनच्या वर. ओल लागू नये म्हणून मी मशीनवर दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर येईल अशी फळी टाकली, फळीवर डबा ठेवला, हिरवा दिवा लागला आणि मी ताईकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

ताई म्हणाली, “ठोंब्या, हे मशीन हलतं रे.”

मी म्हटलं, हलू दे, डबा मजबूत आहे.

मजबूत होता. प्रश्न त्याच्या मनाचा होता. डब्यात कंपनीची गुपितं असतात, म्हणून तो हलला की आपल्याला कोणीतरी पळवतंय असं समजून स्वतःला कुलूप लावून घेतो. किती हलल्यावर घाबरायचं, याला तीन पर्याय होते. सौम्य, मध्यम आणि कडक. मी नोकरीत अजून कच्चा होतो, कायम व्हायचा होतो. कच्चा माणूस सौम्य निवडत नाही. सगळ्या कंपनीचे सगळे डबे मी कडकवर टाकले आणि मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी ताईने चादर धुवायला टाकली. मशीन कपडे पिळायला लागलं आणि डबा चोरीला गेला.

पुन्हा उघडायचा तर हेल्पलाइन. ताईने कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरायचं, मग डबा दाखवायचा, मग घरात चोर नाही हे दाखवायला कॅमेरा गोल फिरवायचा. दारातून पलीकडच्या खोलीतले बाबा दिसायचे. हेल्पलाइनवाली दर वेळी विचारायची, मागे झोपलेले गृहस्थ कोण, त्यांना जरा ओळख पटवून द्यायला सांगा. बाबा म्हणायचे, हळू. ती म्हणायची, सर, मी हळूच बोलतेय. एकूण पंचवीस मिनिटं.

ताईने रात्री धुऊन पाहिलं. डबा रात्री चोरीला गेला आणि हेल्पलाइन सकाळी नऊला उघडते. तिने हाताने धुऊन पाहिलं. तीन दिवसांत तिची कंबर धरली आणि घरात वळवायची माणसं दोन झाली. डबा हलवायचा अर्ज केला, तर उत्तर आलं की जागा बदलायला एकवीस कामाचे दिवस लागतात आणि नवी जागा यादीतल्या अटींत बसायला हवी. ती यादी कोणी केली ते वर आलंच आहे.

मग मी कुलूपकाकांकडे गेलो. हे आमचे सुरक्षाप्रमुख. स्वतःच्या पाण्याच्या बाटलीलाही आकड्यांचं कुलूप लावतात आणि आकडा विसरतात, म्हणून दिवसभर तहानलेले असतात. त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. ताईचा डबा त्रेचाळीस वेळा चोरीला गेला होता आणि त्रेचाळीस वेळा त्याच घरात, त्याच फळीवर सापडला होता.

“तुमच्या भागात चोर फार प्रामाणिक दिसतात,” ते म्हणाले.

मी त्यांना चादरींचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, आणि म्हटलं, सर, तिचा एकटीचा डबा मध्यमवर टाकू या. ते म्हणाले, आज वॉशिंग मशीनसाठी सवलत दिली, तर उद्या लोक भूकंपासाठी मागतील. शिवाय कडक हा पर्याय एका हुशार मुलाने निवडला होता, तो त्यांनी का बदलावा. मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. पहिला महिना माफ होता. या महिन्यात डबा पंच्याण्णव टक्के वेळ चालू राहिला नाही, तर घरून कामाची परवानगी जाणार. त्या दिवशी सोळा तारीख होती आणि ताई ब्याण्णववर होती.

मी ताईकडे येऊन हिशेब केला. पुढचे चौदा दिवस डबा एकदाही चोरीला गेला नाही, तरच जमत होतं.

ताई म्हणाली, मी ऑफिसला गेले तर यांना वळवणार कोण, तू? तुला स्वतःला वेळेवर अंथरुणातून उठवता येत नाही. हे तिने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरोखर विचारत होती.

डबा कडकवर मीच टाकला होता, म्हणून एक गोष्ट मला माहीत होती. तो झटक्याला घाबरतो. पुरेसं सावकाश नेलं तर त्याला कळतही नाही. म्हणजे फळीच मशीनवरून बोटभर उचलायची, पण चोरापेक्षा कितीतरी सावकाश. मी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गाडी उचलायचे दोन जॅक मागितले.

“किती टन उचलायचंय?”

“सव्वा किलो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. माणूस चांगला आहे.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, दोन स्टुलांवर दोन जॅक उभे केले, फळीच्या एका टोकाखाली एक आणि दुसऱ्या टोकाखाली एक. एकावर ताई, एकावर मी. दोघांनी एकाच वेळी दांडा पाव फेरा फिरवायचा, एक बाजू वर गेली की संपलं. आमचं पहिल्याच पाव फेऱ्याला बिनसलं. ती म्हणाली तू घाई केलीस, मी म्हटलं तू थांबलीस. डब्याचा दिवा नारिंगी झाला. म्हणजे त्याला संशय आला होता.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

“हळू.”

दारातून बाबा बघत होते. डावा हात चादरीबाहेर काढला होता आणि दोन बोटं वर. मला काही कळेना, पण ताईला कळलं. लहानपणी ती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन साइटवर जायची आणि खालून क्रेनला खुणा करणारा माणूस तिने पाहिला होता. दोन बोटं वर म्हणजे दोन्ही बाजूंनी उचला. मूठ म्हणजे थांबा. तळवा खाली म्हणजे श्वास घ्या.

पन्नास मिनिटं बाबांनी आमच्याकडून सव्वा किलोचा डबा उचलून घेतला. मध्ये एकदा मी नाक खाजवलं, तर त्यांनी माझ्यासाठी वेगळी मूठ दाखवली. शेवटी फळी आणि मशीनमध्ये बोटभर फट पडली, दिवा हिरवाच राहिला. ताईने चादर आत टाकली. मशीन पिळायला लागलं, थडथडलं, गरागरा फिरलं आणि वर डबा आपल्या दोन जॅकांवर शांत बसून राहिला. बाबा झोपले होते. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काम केलं होतं.

महिनाअखेर ताई पंच्याण्णव पूर्णांक सातवर होती.

आणि पत्र आलं. आता ते आलंय असं मानायला हरकत नाही.

डबा फक्त गाड्या तपासत नाही, घरही शिकतो. ताईचं घर रोज एकदा-दोनदा थरथरतं, हे तो दीड महिना शिकत होता. मग चौदा दिवस काहीच थरथरलं नाही. यावरून त्याने निष्कर्ष काढून मुख्यालयाला कळवला की घरात कोणी राहत नाही. कर्मचारी दुसरीकडे कुठेतरी असून डबा एकटाच काम करतोय, असा दाट संशय. सबब परवानगी रद्द.

मी कुलूपकाकांना म्हटलं, सर, या चौदा दिवसांत तिने दोनशे बारा गाड्या तपासल्यात. ते म्हणाले, त्या डब्यानेही तपासल्या असतील. मी म्हटलं, मग जॅक काढतो, रोज थरथरवतो.

“थरथरवलात तर चोरी धरावी लागेल,” ते म्हणाले आणि बाटलीच्या कुलपाशी खटपट करू लागले.

मी जागेवर आलो आणि कंपनीच्या अर्ज क्रमांक नऊमध्ये, ‘इतर’ या रकान्यात, पुढील मजकूर भरला.

प्रति, सुरक्षाप्रमुख. विषय, प्रत्यक्ष पडताळणीबाबत. उपरोक्त पत्रात सदर घर रिकामं असल्याचं नमूद आहे. तरी आपण कोणत्याही एका कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत सदर घरी उपस्थित राहावं. दर दोन तासांनी अंथरुणावरील इसमास कुशीवर वळवावं, आवश्यकतेनुसार चादर बदलावी, आणि सायंकाळी, घरात कोणी राहतं किंवा कसं, याचा लेखी अहवाल स्वतःच्या सहीनिशी सादर करावा. बसण्यास स्टूल उपलब्ध करून देण्यात येईल. आपला अहवाल मिळेपर्यंत परवानगी रद्द करण्यास स्थगिती असावी.