पांढऱ्या मेंढ्याची काळी कोकरं

पांढऱ्या मेंढ्याला काळं कोकरू व्हतच न्हाई, असं माझे सासरे गुंडामामंजी छातीठोक सांगायचे. म्हसवडाच्या माळावर आमची समदी मेंढरं पांढरी, मेंढाबी पांढराफेक. आन त्या साली चाळीस मेंढ्या व्याल्या, त्यात पाच कोकरं काळी! लढाई चालली व्हती, माझा मालक बर्म्याकडं पलटणीत व्हता. मेंढरं राखायला मी जायाची, म्हंजे चूक माझीच.

शेजारच्या केरबाकडं काळा मेंढा व्हता. मामंजी पारावर चारचौघांत म्हणाले, "बनू केरबाच्या गड्याशी बोलत बसली आन त्याचा मेंढा आमच्या कळपात शिरला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवं, त्या गड्याचं तोंडसुदिक मी धड बघितलं न्हवतं! पण नवरा परमुलखात असलेल्या बाईचं ऐकतंय कोण? लोकांनी मेंढा सोडला आन गडीच धरला. शेवटी मामंजींनी ठरवलं, हिला कोरेगावाला म्हायेरी धाडायची, कायमची.

तेवढ्यात सासूबाईंचा भाचा नानासो सुट्टीला आला. सांगलीला कॉलेजात जीवशास्त्र शिकायचा. देव त्याचं भलं करो, त्यानं माझी बाजू घेतली.

"मामा, वैनीची चूक न्हाई. रंग अनुवंशानं येतो," त्यो म्हणाला.

"पुस्तकात मेंढरं चरत्यात व्हय रं?" मामंजी खेकसले.

नानासोनं अंगणातलं पांढरं-काळं खडं उचललं. "हे बघा. हरेक कोकराला रंगाचा एक खडा आईकडनं आन एक बापाकडनं मिळतो. पांढरा प्रभावी, काळा अप्रभावी. दोन्ही जवळ असलं, तर जनावर पांढरंच दिसतं, काळा आत दडून ऱ्हातो. अशाला वाहक म्हनत्यात. मेंढा वाहक, मेंढीबी वाहक, आन दोघांकडनं काळाच खडा आला, की कोकरू काळं. अशा जोडीला चारात एखादं."

"माझ्या मेंढ्यात काळं?" मामंजी ताडकन उठले. आपल्या कळपात पैदाशीला त्यो मेंढा मागायला लांबलांबची माणसं त्यांच्या दारात यायची.

"मग बघा की करून! काळी कोकरं व्यालेल्या त्याच पाच मेंढ्या आन तुमचा मेंढा येगळा कोंडा. राखण तुमीच करा."

मामंजी हट्टाला पेटले. वाघरीच्या जाळीचं कुंपण लावून, मेंढ्या गाभण ऱ्हाईस्तवर वीस दिस सोता तिथं बसले. जेवणबी तिथंच. म्हणाले, "एक जरी काळं झालं तरी चूक माझी. न्हाई झालं, तर ही म्हायेरी."

मी नानासोला म्हणलं, "भावजी, व्हईल न्हवं काळं?" त्यानं मान खाली घातली. "वैनी, चारात एक म्हंजे नेम न्हाई. पाचीच्या पाची पांढरी झाली, तरी तुमी निर्दोष. पण मामांना कोण पटवणार?" मला असा राग आला! म्हणलं, मग कशाला घातलंत मला ह्या जुगारात? पण खरं सांगते, त्यानं खोटा धीर दिला न्हाई, ह्येच बरं झालं.

पाच म्हैने मी कसे काढले, माझं मला ठावं. दिवाळीच्या तोंडावर मेंढ्या व्यायला लागल्या. पयलं कोकरू पांढरं. दुसरं पांढरं. तिसरं, चवथंबी पांढरं. सासूबाई माझ्याकडं बघीनात. मी दोन लुगडी फडक्यात बांधली आन उंबऱ्यात बसले.

पाचवी मेंढी रानात चरायला गेली व्हती, संगं एकटे मामंजी. दुपार कलली तवा ते आले. घराकडं आलेच न्हाईत, थेट पारावर गेले. केरबा व्हता, समदी व्हती. मी दारातनं बघत व्हते. मामंजींनी खांद्यावरचं घोंगडं उलगडलं. आत कोकरू, कोळशावानी काळं!

"माझ्याच मेंढ्याचं हाय," मामंजी मोठ्यानं म्हणाले. "मी सोता राखलंय. सुनेवर आळ घेतला, त्यो खोटा. ज्यांनी ऐकला त्यांनी ह्येबी ऐका."

मग घरी आले, कोकरू माझ्या वटीत ठेवलं आन म्हणाले, "बनू, चुकलो गं पोरी." मी हमसून हमसून रडले.

त्या सालापासनं मेंढ्यासाठी माणसं यायची थांबली. नानासोचं उपकार मी जल्मात इसरणार न्हाई. पण हात जोडते ते मामंजींना. माळावर दुसरं कुणी न्हवतं. कोकरू तिथंच पुरून, मेलेलं झालं म्हणून सांगितलं असतं, तर मला काय कळलं असतं?