घराला तोंड

"घराला तोंडच नाही म्हणे!" विहीरवाल्याच्या बायकोनं हातातलं सूप आपटलं. "मग इतकी वर्षं आपण काय घराच्या पाठीत राहतोय?"

त्याचं असं झालं होतं, की पोराचं घर बघायला पोरीकडच्यांची तिसरी गाडी येऊन गेली होती. येऊन म्हणजे काय, वळणावर थांबली, काच खाली झाली, काच वर झाली, आणि गाडी आल्या पावली परत. पोरगा बत्तीस वर्षांचा. ट्रॅक्टर चालवायचा, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गुण विचारायला माणूस गाडीतून उतरायला तर पाहिजे! उतरावं असं दारात काही नव्हतं. मातीच्या भिंती, मधोमध एक दार, आणि दारापुढं आडवा चर.

गावात सोयरिका जुळवणारा एकच होता. त्याला सगळे मधला म्हणत. त्याची स्वतःची बायको आठ वर्षांपूर्वी माहेरी गेली ती गेलीच, पण सल्ला द्यायला बायको लागत नाही.

"ओटा बांध," मधला म्हणाला. "चार पायऱ्या, दोन खांब, वर पत्रा. रंग भडक दे. लोक बाहेरूनच ठरवतात गड्या."

"आणि आत आले तर?"

"बाहेर ऐसपैस बसायला मिळाल्यावर आत कोण मरायला येतंय?"

विहीरवाल्याला पटलं. माणूस तसा जाणता. साठ विहिरी खोदलेला. जमिनीला कान लावून, खाली पाणी कुठून कुठं चाललंय ते सांगायचा. पण जमिनीच्या वरचं पाणी त्यानं कधी आपलं काम मानलं नव्हतं. ते म्हातारीचं काम.

म्हातारी म्हणजे त्याची आई. घर टेकाडाच्या पायथ्याशी, दार टेकाडाकडं. वरून येणारं पाणी दारापुढच्या चरात पडायचं आणि बाजूनं ओढ्याला जायचं. हा चर म्हातारी दर वर्षी उकरायची. तिची एक छोटी कुदळ होती. अंगठा टेकून टेकून तिच्या दांड्याला खळगा पडला होता.

गवंड्यानं दोरी लावली आणि डोकं खाजवलं. "ओट्याचा पाया नेमका चरावर येतोय. पुढं सरकवला तर रस्ता, मागं सरकवला तर तुमचं घर."

"बुजव चर," विहीरवाला म्हणाला.

म्हातारी उठली आणि सरळ चरात जाऊन बसली. "आधी मला बुजव."

"आई, तमाशा करू नको. बारा वर्षांत या चरातून ओंजळभर पाणी गेलेलं मी बघितलं नाही."

"बघशील कसा? पावसात तू घोरत असतोस. कोरडा घोरतोस, ते कुणामुळं?"

"आजी, ओट्यावर तुम्हाला बसायला कट्टा करून देतो," गवंडी म्हणाला.

"तुझ्या कट्ट्यावर तुझी सासू बसव!"

शेवटी विहीरवाल्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवलं. रिकामी टोपली उचलावी तशी उचलली गेली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "पाण्याची वाट अडवू नये रे. पाणी भांडत बसत नाही. वळसा घालतं."

त्यानं चरात पहिला दगड टाकला.

ओटा झाला. खांब हिरवे, पायऱ्या लाल, पत्रा निळा. लांबून वाटायचं, घरानं दुसऱ्याच कुणाचं तोंड चोरून लावलंय. अख्खं गाव येऊन बसून गेलं. न्हावी म्हणाला, "आता घर वाटतंय." ज्यांनी आयुष्यात कधी हाक मारली नव्हती, ते चहा पिऊन गेले. मधल्यानं पोरीकडच्यांना निरोप धाडला आणि दिवस ठरवला.

त्या दिवसाच्या महिनाभर आधी पावसानं बैठक मारली. चौथ्या दिवशी दुपारी टेकाडावरून गढूळ लोंढा निघाला. थेट दारावर चालून आला. आणि ओट्यानं छाती काढून तो अडवला! दारात एक शिंतोडा नाही. विहीरवाला हिरव्या खांबाला टेकून ओरडला, "बघ आई! दार ठणठणीत कोरडं! कुठंय तुझा वळसा?"

आई घरात नव्हतीच. ओट्याला अडलेलं पाणी दोन्ही अंगांनी फुटलं होतं, घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी तुंबलं होतं. तसं होणार हे तिला सकाळीच कळलं होतं. ती मागं जाऊन कुदळीनं पाण्याला वाट करून देत होती.

मागून आवाज आला. भरलेलं पोतं टाकल्यासारखा. फार मोठा नव्हता.

ढासळलेल्या विहिरींतून त्यानं चार माणसं जिवंत काढली होती. त्या दिवशी मात्र मागच्या भिंतीच्या ढिगात त्याला आधी कुदळच सापडली.

त्यानंतर घराला तोंड राहिलं, पाठ गेली. दार उघडलं की आरपार शेतं दिसायची. मागं ताडपत्री बांधली, ती वाऱ्यानं फाटली.

ठरलेल्या दिवशी पाहुणे आले. या वेळी गाडीतून उतरले. मधल्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, "दार लावून घे आणि दाराला पाठ लावून बस. काहीही झालं तरी उठू नको."

पोरीचा बाप पायऱ्या चढला, खांबावर हात फिरवला, पत्र्याकडं बघून मान डोलावली. "जागा छान. हवा खेळती आहे."

"हवा फार आहे," विहीरवाल्याची बायको पुटपुटली.

"तुमच्या मातोश्री गेल्याचं कळलं. वाईट झालं. वय झालं होतं?"

"वय होतं," मधला घाईनं म्हणाला.

"चला, मग आतूनही घर बघू."

विहीरवाला दाराला पाठ लावून बसला होता. पोरानं मान खाली घातली. "आत काही नाही," विहीरवाला म्हणाला.

पाहुणा हसला. "असं कसं?"

"खरंच सांगतो. आत काहीच नाही."

पाहुण्यानं मधल्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, माणूस किती साधा! नाहीतर लोक पत्र्याचा डबा दाखवून तिजोरी सांगतात. आमच्याकडून पसंत आहे. पोर सुखात राहील."

पोरानं मान वर केली. बापाकडं बघितलं, मग बंद दाराकडं. त्याला हसावं की रडावं कळेना. टेकाडाकडून गार वारा सुटला, वर ढग दाटले, आणि निळ्या पत्र्यावर टप्पकन पहिला थेंब वाजला.

विहीरवाला उठला. खांबामागून आईची कुदळ घेतली. दांड्याच्या खळग्यात त्याचा अंगठा मावत नव्हता, तरी त्यानं तो तिथंच रुतवला. खाली उतरून त्यानं सगळ्यात खालच्या लाल पायरीवर घाव घातला. मग दुसरा. ढलपा उडाला.

"अहो, हे काय करताहेत?" पाहुणा दचकून उभा राहिला.

मधल्यानं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि चहाचा कप पुढं सरकवला.

"काही नाही हो. तुम्ही पसंत म्हणालात ना, अजून एक पायरी वाढवतोय."