नळीतली केसभर जागा

आमचे हे कारखान्यात लेथवर होते. तिथे ह्यांना सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत, कारण ह्यांनी एकमेकांत बसवलेल्या दोन भागांमधून उजेडसुद्धा पलीकडे जात नसे. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत एक जुनं छोटं लेथ आणून ठेवलं खरं, पण त्यावर करायला कामच नव्हतं. हे त्याला नुसतं तेल घालत बसायचे. कामाचा माणूस असा बसलेला बघवत नाही.

मग सूनबाईच्या नळीचं काम निघालं. सूनबाई एअर रायफलने नेमबाजी करते. क्लबच्या संघात चौघींना घेणार होते, निवड शनिवारी होती, आणि तिने त्या जागेचा ध्यास घेतला होता. नेम चांगला, पण रायफल पुढून हलकी पडायची आणि चाप ओढताना रायफलचं तोंड डोलायचं. प्रशिक्षक बाई म्हणाल्या होत्या की तोंडाशी थोडं वजन लावून बघ. हे तिने घरी सांगायचा अवकाश, मागच्या खोलीत लेथ घरघरायला लागलं.

नळी झाली वीतभर लांब, पितळेची. रायफलच्या तोंडावर आट्यांनी बसणारी, बाजूंना खाचा पाडलेली, म्हणजे छर्र्यामागून येणारी हवा त्याला ढोसणार नाही, खाचांमधून निघून जाईल. छर्रा बाहेर पडायचं भोक ह्यांनी बरोबर छर्र्याच्या मापाचं ठेवलं. जेवताना ते नळी ताटाशेजारी ठेवायचे आणि मधूनच तिच्याकडे बघायचे. एकदा भाजीत मीठ नव्हतं, तेही ह्यांच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी मी सूनबाईबरोबर हॉलवर गेले. नळी लावली आणि छर्रे वाट फुटेल तिकडे गेले; एक वर, एक खाली, एक तर कागदाच्या कडेला. बाईंनी नळी काढायला लावली, तसे ते पुन्हा मध्याच्या आसपास आले. बाई म्हणाल्या, “नळी काढून ठेव बाई, शनिवारी उगाच घात होईल.” सूनबाईने मान हलवली, पण परतताना मला म्हणाली, “आई, बाबांना सांगू नका. ते शनिवारी बघायला येणारेत. मी नळी लावूनच मारीन. संघाचं पुढच्या वर्षी बघू.”

रोज सकाळी देवापुढे बसले की दिवसभर खोटं न बोलण्याचा नेम मी करते. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घातली. पण रात्री जेवताना ह्यांनी सरळ मलाच विचारलं.

“काय गं, नळी कशी आहे?”

“फार देखणी आहे.”

“देखणी आहे ते मी रोज बघतोय. चालते का?”

सूनबाई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी म्हटलं, “नाही चालत. नेम विस्कटतो.”

ह्यांचा घास हातातच राहिला. लेकाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग हे उठले, हात धुतले, नळी मागवली आणि बॅटरी लावून भोकात बघत बसले. बराच वेळ. भोकाच्या कडेला एका बाजूला छर्र्यांच्या शिशाचा काळा ओरखडा होता. प्रत्येक छर्रा जाता जाता तिथे अंग घासत होता आणि तिरका होऊन बाहेर पडत होता.

मला वाटलं, आता हे दोन दिवस बोलायचे नाहीत. पण ह्यांचे खांदे हलायला लागले, आणि पाहते तर हे हसत होते. “पळणाऱ्या माणसाला मी अंगाबरोबर शिवलेला कोट घातला,” म्हणाले. मग सूनबाईकडे वळले. “आणि तू हरून माझा मान ठेवणार होतीस होय? एवढा मान तर मला माझ्या सासऱ्यांनीही दिला नाही.”

माझ्या वडिलांचा उद्धार झाल्याशिवाय आमच्या घरात कुठलंच काम सुरू होत नाही, त्यामुळे मी निश्चिंत झाले.

खरी पंचाईत पुढेच होती. भोक मोठं करायचं, तर ह्यांचा हात धजेना. केसभर काढायचे आणि थांबायचे. “आणखी काढा,” सूनबाई म्हणायची. “अगं, हे ढिलं दिसेल.” “दिसू दे बाबा.” आयुष्यभर जे टाळलं ते मुद्दाम करताना ह्यांना घाम फुटला. शेवटी छर्र्याच्या चारी बाजूंनी नीट जागा राहील एवढं भोक झालं, तेव्हा ह्यांनी तोंड फिरवून मशीन बंद केलं.

शुक्रवारी हेच नळी घेऊन हॉलवर आले. सूनबाईने मारलं, तर सगळे छर्रे खाली डावीकडे. ह्यांचा चेहरा पडला. बाई मात्र कागद हातात घेऊन खूश.

“काका, सगळे एकाच जागी चुकताहेत, म्हणजे पोरगी चुकतच नाहीये. पुढे वजन आलं की छर्र्याचा मार थोडा सरकतो. तो स्क्रूने परत आणता येतो.”

त्यांनी रायफलवर डोळा लावतात त्या मागच्या निशाणाचे स्क्रू थोडे फिरवले, आणि पुढचा छर्रा मधल्या ठिपक्यात गेला. त्याच्या मागचाही तिथेच.

शनिवारी हॉल भरला होता. माझे डोळे मधेमधे मिटत होते, ओठांवर देवाचं नाव होतं. सूनबाईचा हात संथ होता. रायफलचं तोंड जरासुद्धा डोललं नाही. बाईंनी निवड वाचून दाखवली तेव्हा तिचं नाव दुसरं आलं. ती जाड जॅकेटसकट धावत ह्यांना सांगायला आली, पण ह्यांना वेळ कुठे होता. हे एका अनोळखी मुलीच्या वडिलांना नळी दाखवत होते आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, “हे बघा, इथे जागा आहे ना, ती मी ठेवलीय.”