बोटबाबा आणि सव्वादोन वर्षांचं मौन

“धरलं! बाळानं बोट धरलं!”

हॉलमधली दीडशे माणसं एका दमात ओरडली आणि माझ्या कानांना दडे बसले.

समोर पांढऱ्या सोफ्यावर बोटबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण धंद्यापुरतं बोट पुरे होतं. जन्मताना ज्यांचा हात लुळा पडला, अशी तान्ही मुलं लोक त्यांच्यापुढे धरायचे. बाबा डोळे मिटायचे, तर्जनी छताकडे रोखायचे, मोबाईल चार्जिंगला लावावा तशी थोडा वेळ तिथंच ठेवायचे आणि मग बाळाच्या लुळ्या हाताच्या तळव्यात द्यायचे. बाळ मूठ वळायचं. झालं! मेलेल्या हातात प्राण आला म्हणून बायका रडायच्या आणि पुरुष लोटांगण घालायचे.

आमचा नंबर चौदावा होता. ताईच्या मांडीवर तिची तीन महिन्यांची मुलगी होती आणि शेजारी भाऊजी हॉस्पिटलची फाईल छातीशी धरून बसले होते. मी मुलीची मावशी, कपडे शिवायचं दुकान चालवते. मी सोबत आले होते ती फक्त भांडायला.

बाळंतपणात डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात नुसता लोंबत राहिला. “होईल हळूहळू,” असं म्हणून डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. घरी निघताना वॉर्डातल्या आयाबाईंनी औषधांच्या पिशवीबरोबर बोटबाबांचं कार्डही ताईच्या हातात दिलं. तेव्हापासून ताई जवळजवळ बोलायचीच बंद झाली. अंगडं घालताना उजवी बाही आली की मला हाक मारायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहायची. शेवटी मी खांद्यावर नाड्या लावून उघडणारी अंगडी शिवली. ती शिवताना मला रडू आलं होतं, सांगायला लाज कसली.

“काय त्रास?” बाबांनी विचारलं.

“हात उचलत नाही, बाबा,” भाऊजी म्हणाले.

“उचलेल! शरीर म्हणजे वायरिंग. फ्यूज गेलाय. विश्वशक्तीचा करंट माझ्या बोटातून वाहतो.”

“मग चप्पल घालून बसा, शॉक लागेल,” मी म्हणाले. भाऊजींनी मला कोपरानं ढोसलं.

बाबांनी बोट दिलं. मुलीनं ते घट्ट धरलं. हॉल दणाणला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ताई हसली. त्या हसण्यामुळेच मला बाबाचा खरा संताप आला.

“आता दोन नियम,” बाबा म्हणाले. “फाईल अग्नीला द्या, त्यात वेदनेची कंपनं आहेत. आणि सव्वादोन वर्षं मौन. दवाखाना नाही, कोर्टकचेरी नाही, हॉस्पिटलबद्दल वाईट शब्द नाही. मनात राग धराल, तर हात फिरून पडेल!”

भाऊजींनी फाईल पुढे केली. बाबांनी ती समोरच्या शेगडीत टाकली. भडका उडाला.

“बघा, बघा! पाप कसं जळतंय!”

“पाप नाही, कॉलर जळतेय,” मी म्हणाले. “दोन कॉलर, एक खिसा आणि अर्धी बाही. तुम्ही फाईल जाळता हे ऐकून होते, म्हणून सकाळीच फाईलमधले कागद काढून मी शर्टाच्या कटिंगचे कागद भरलेत. कंपनं कुठल्या मापाची आली, महाराज?”

भाऊजी पांढरेफटक पडले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात मी माझं बोट मुलीच्या त्याच हातात दिलं.

“हे बघा, सुया टोचून टोचून चाळण झालेलं बोट. करंट शून्य!”

मुलीनं तेही तितकंच घट्ट धरलं. शेजारच्या बाईंनी भीत भीत स्वतःच्या बाळाला बोट दिलं. त्यानंही धरलं. मग हॉलभर बोटं सुरू झाली, आणि बहुतेक मुलांनी मुठी वळल्या.

मागच्याच आठवड्यात मी मुलीला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं होतं. त्यांचं म्हणणं मी तिथंच मोठ्यांदा सांगितलं. हिच्या खांद्याच्या आणि कोपराच्या नसा दुखावल्यात, मुठीच्या शाबूत आहेत. ही मूठ ती पहिल्या दिवसापासून वळतेय.

“खरा चमत्कार हवा ना? हे घ्या.” मी पिशवीतून खुळखुळा काढून मुलीच्या डोळ्यांपुढे उंच धरला. डावा हात टुणकन वर आला. उजवा अंगालगत तसाच पडून राहिला.

“श्रद्धेत खोट आहे!” बाबा गरजले.

“कुणाच्या? तीन महिन्यांच्या पोरीच्या?”

“पण माझ्या नातवाचा हात खरंच बरा झाला,” एक आजोबा उठून म्हणाले.

“झाला असेल, आनंदच आहे. बऱ्याच मुलांचा हात वेळ जाईल तसा सुधारतो, आणि बाबा तेवढेच मोजतात. ज्यांचा सुधारत नाही त्यांना काही महिन्यांतच सर्जनला दाखवावं लागतं. नेमकं त्यांना हे मौनात बसवतात.”

आता उरलं होतं सव्वादोन. वकीलबाई कोटाची बाही सैल करायला दुकानात आल्या होत्या, तेव्हा दंडाला टेप लावूनच मी त्यांना सगळं विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, “हॉस्पिटलच्या नोंदींची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ती दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पुढे भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार आहे, समेटही होतो. प्रत्येक वेळी डॉक्टरांचीच चूक असते असं नाही हं. जपूनही इजा होते. चूक होती की नव्हती, ते कागदांवरून कळतं. आणि आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षं.”

“तक्रारीची मुदत दोन वर्षं आणि मौन सव्वादोन!” मी हॉलला विचारलं. “वरचे तीन महिने विश्वशक्तीनं सांगितले, की तुमची कार्डं वाटणाऱ्या आयाबाईंनी?”

बाबांना अचानक ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. ते मागच्या दारानं गेले ते परत आलेच नाहीत. आयाबाईंना हॉस्पिटलनं कामाला लावलं होतं, की हा त्यांचा स्वतःचा उद्योग होता, ते मला ठाऊक नाही. पुराव्याशिवाय बोट दाखवायला मी काही बोटबाबा नव्हे.

लोक हसत होते. तेवढ्यात एक माणूस उठला. त्याच्या कडेवर मुलगा होता, डाव्या हातानं बापाची कॉलर धरून बसलेला.

“याला दोन वर्षं आणि एक महिना झाला,” तो म्हणाला. “आमची फाईल खरी होती.”

हशा तिथंच थांबला. मी म्हणाले, “हॉस्पिटलकडे मूळ नोंदी असतील, लेखी मागा. उशिराचं कारण देऊन अर्ज करता येतो म्हणे. मंजूर होईलच असं मी सांगत नाही. उद्या दुकानात या, वकीलबाई कोट न्यायला येणार आहेत.” त्यानं मान हलवली आणि दुकानाचा पत्ता दोनदा विचारला.

तान्ह्या मुठीत बोट जरूर द्या. ती धरेल, फार बरं वाटतं. पण हात उचलतो का तेही बघा, डॉक्टरांना विचारा, समाधान नाही झालं तर दुसऱ्यांना विचारा. फाईल कुलपात ठेवा आणि तारीख भिंतीवर लिहा.

घरी गेल्या गेल्या भाऊजी नोंदींच्या प्रतीसाठी अर्ज लिहायला बसले. माझ्यावरचा राग अजून गेला नव्हता, पण अक्षर सुवाच्य होतं. त्यांनी वाचून दाखवलं, “प्रसूतीच्या वेळी काही ओढाताण झाली असावी, असं आम्हाला वाटतं...”

ताईनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि त्यांच्या हातातलं पेन थांबवलं.

“‘वाटतं’ खोडा,” ती म्हणाली. “मी तिथं होते. मी सांगते, लिहा.”